विहिरीकडे तोंड

"आवाज कमी कर म्हणतोय का मी? उलट मोठ्यानं पुकार. नेहमीसारखा दणदणीत. फकस्त तोंड विहिरीकडं कर. बास."

कोर्टाचे शिरस्तेदार गुंडाप्पा बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. ईरप्पा समोर उभा होता. छातीवरचा पट्टा सरळच होता, तरी तो पुन्हापुन्हा सरळ करत होता.

"म्हंजे मागच्या व्हरांड्यातनं, रावसाहेब?"

"मागचा का पुढचा, कुठल्या कायद्यात लिहिलंय सांग मला. तीनदा पुकारा व्हायला पाहिजे. तू तीनदा पुकारणार. साहेबांना आत ऐकू येणार. ह्यात लबाडी कुठं हाय? पाप कुठं हाय?"

"पर दाव्यातली मुक्ताबाई पुढं लिंबाखाली बसतीया. तिला कानानं कमी..."

"तिच्या कानांची काळजी तुला कशाला रे?" गुंडाप्पा हसले. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी दुखणं असलं तर रजा लिहून घ्यायचा, सणाला प्रसाद वाटायचा. म्हणूनच ईरप्पाला त्याची भीती वाटायची. वाईट माणसाला निदान तोंड असतं.

बशी खाली ठेवून गुंडाप्पांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "देगावकर वकिलांचं काय कळलं का रे येरवड्याहून?"

ईरप्पाचा हात पुन्हा पट्ट्याकडे गेला.

"मला कुटलं कळतंय, रावसाहेब."

"न्हाई, तुझी बैठक होती की तिथं. लॅटिन का काय शिकवत होते म्हणं तुला. परवा एकानं विचारलं मला, हा ईरप्पा कोण. मी म्हटलं, आमचा ईरप्पा म्हंजे गरीब गाय."

"कुनी विचारलं?"

गुंडाप्पांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कानडीत, लेकराला निजवावं तसं म्हणाले, "सुम्मनिरु." गप राहा.

कुणी विचारलं, हे ईरप्पाला कळलं नाही. सांगितलं असतं तर एकाच माणसाची भीती वाटली असती. आता चहाच्या टपरीवर पेपर वाचणारा, कोर्टाच्या फाटकाशी विडी ओढणारा, सायकलची चेन बसवत उगीच रेंगाळणारा, सगळ्यांचीच वाटू लागली.

*

आवाज वाघाचा, काळीज चिमणीचं. कोर्टात ईरप्पाबद्दल असं म्हणत, त्याच्यासमोरच म्हणत, आणि तोही हसायचा.

आवाज त्याला जोंधळ्यानं दिला होता. मैंदर्गीकडे बापाच्या शेतात माच्यावर उभं राहून पाखरं हाकलण्यात पोरपण गेलं. त्याची हाक तीन शेतं ओलांडायची. पुढे शेत गेलं, बाप गेला, हाक तेवढी उरली. ती घेऊन तो सोलापुरात आला आणि कोर्टात पुकारा करणारा पट्टेवाला झाला. दावा निघाला की व्हरांड्यात यायचं, कागदावरची नावं घ्यायची, मध्ये 'विरुद्ध' म्हणायचं, शेवटी 'हाजिर'. तीनदा. तिसऱ्या हाकेलाही प्रतिवादी आला नाही तर न्यायाधीश साहेब आत मान खाली घालून लिहायचे, आणि न आलेल्या माणसाचं घर, शेत, जे काही असेल ते एकतर्फा निकालात निघून जायचं.

पण हा आवाज फक्त परक्यांच्या नावांसाठी होता. स्वतःचं काही सांगायचं झालं की ईरप्पाचा घसा सुकायचा. रेशन दुकानदार मापात मारायचा, ईरप्पा पिशवी उचलून घरी यायचा.

"तुमचा आवाज सरकारजमा हाय," बायको निंगव्वा म्हणायची. "आमच्या वाट्याला नुसती मान हलिवनं."

त्या संध्याकाळी मात्र तिनं टोमणा मारला नाही. त्यानं गुंडाप्पांचं बोलणं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"मग करा की विहिरीकडं तोंड," ती हळूच म्हणाली. "कोन बघायलंय?"

"कुनीतरी बघायलंयच, निंगव्वा. तेच तर."

"मग तर कराच." पिठाचे हात तिनं पदराला पुसले. ती हात कधी पदराला पुसत नसे. "तुमास्नी नेलं तर मी कुनाचं नाव पुकारू?"

*

तुरुंगात जायच्या आधीही देगावकर वकिलांकडे फारसे दावे उरले नव्हते. वय झालं होतं, पक्षकार तरुण वकिलांकडे जात. दुपारी ते वकिलांच्या खोलीत खिडकीपाशी बसायचे आणि पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या ईरप्पाला पकडायचे.

"ईरप्पा, दिवसातून शंभरदा म्हणतोस. 'विरुद्ध' म्हणजे काय?"

"भांडन, साहेब."

"आणि कागदावर तिथं काय लिहिलेलं असतं?"

ईरप्पाला इंग्रजी येत नव्हतं, पण ते चिन्ह तो ओळखायचा. दोन मराठी नावांच्या मध्ये बसलेलं, एक टोकदार, एक वेटोळं. नांगराचा फाळ आणि त्याच्या मागं नाग, असं त्याला वाटायचं.

"व्हर्सस," वकील म्हणाले. "इंग्रजांचा नव्हे बरं का शब्द. त्यांनी तो रोमन लोकांकडून उचलला. लॅटिन. मूळ क्रियापद वर्तेरे, म्हणजे वळणं, वळवणं. वर्सुस म्हणजे वळलेला. अमक्याकडे तोंड केलेला. भांडण त्यात नाहीच मुळात! समोरासमोर उभं राहणं आहे. भांडण वकिलांनी घातलं मागाहून."

"तोंड केल्यावर भांडन होतंयच की."

"होतं. पण पाठीशी भांडता येतं का? पाठीत नुसतं मारता येतं."

ईरप्पाला ते वाक्य आवडलं आणि त्याची भीतीही वाटली. तो जायला निघाला, तर वकिलांनी पुन्हा थांबवलं.

"नांगर धरलायस कधी?"

"बाप धरायचा. मी बैलाम्होरं चालायचो."

"तास संपला, नांगराची रेघ टोकाला गेली, की बैल काय करायचे?"

"काय करनार? वळायचे."

"त्या वळण्यालाच रोमन शेतकरी वर्सुस म्हणायचा. मग त्या तासालाही तोच शब्द. आणि मग कवितेच्या ओळीलाही. एक ओळ संपली की लिहिणारा वळून पुन्हा सुरुवातीला येतो, नांगर्‍यासारखा. ज्या शब्दानं आपण माणसं एकमेकांवर सोडतो, त्या शब्दाच्या पोटात शेत आहे आणि कविता आहे."

ईरप्पा जरा घुटमळला. "आमच्यात सालु म्हन्त्यात."

"कशाला?"

"तासाला. आन पुस्तकातल्या वळीलाबी सालुच. कानडीत."

वकील खुर्चीतून उठलेच. "बघ! आणि आपलं वृत्त? भुजंगप्रयात, शार्दूलविक्रीडित? वृत्त म्हणजेही वळलेलं. संस्कृतातला वृत् आणि त्यांचा वर्तेरे, एका आईची लेकरं आहेत ही. 'विरुद्ध' मात्र वेगळ्या घरचा. तो रुध् पासून आला. रोधणं, अडवणं. म्हणजे आपण म्हणतो, वाट अडवली. ते म्हणतात, तोंड वळवलं. आणि गंमत ऐक. विलायतेच्या कोर्टात दिवाणी दाव्याला हे अक्षर लिहितात, पण मोठ्यानं वाचताना 'आणि' असं वाचतात. अमका आणि तमका."

"आनि?"

"आणि."

त्या दिवशी सायकलवरून सात रस्ता चौकातून घरी जाताना ईरप्पा हळू आवाजात म्हणून बघत होता. सिद्धलिंगप्पा आणि मुक्ताबाई. लग्नपत्रिकेसारखं वाटलं. त्याला एकट्यालाच हसू आलं.

हा दावा तेव्हाच चालू झाला होता. मुक्ताबाईचा नवरा भीमा कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होता. त्यानं बांधलेल्या दोन खोल्या. नवरा वारला, आणि सूत-व्यापारी सिद्धलिंगप्पा शेठ म्हणू लागले की खोल्यांखालची जागा आमची, तिथं आमचं गोदाम व्हायचंय. मुक्ताबाईनं देगावकरांना वकील केलं, कारण ते फी मागायला विसरायचे.

*

मग आणीबाणी आली.

कोर्टाच्या भिंतीवर पाटी लागली. बोलणं कमी, काम जास्त. पट्टेवाले म्हणाले, "ईरप्पा, ही तुझ्यासाठीच लावलीया बघ." सगळे हसले, आणि हसता हसता एकेकानं मागे वळून पाहिलं.

देगावकरांचं बोलणं काही कमी झालं नाही. "वर्सुस बंद झालंय, ईरप्पा!" ते भर खोलीत म्हणायचे. "आता सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करायचं. समोर कुणी नाहीच. मग कोर्ट कशाला, पुकारा कशाला?" कुणीतरी उठून खिडकी लावून घ्यायचं. ईरप्पा तांब्या ठेवायचा आणि म्हणायचा, "हळू, साहेब. हळू." हळूहळू तो तांब्या दारातच ठेवू लागला.

संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरायच्या सुमाराला, एका सकाळी, पोलिसांची गाडी आवारात आली. वकील काळ्या कोटातच गाडीकडे चालत गेले. दोन्ही बाजूंना पोलीस. गाडीत चढण्याआधी ते थांबले आणि आवारभर नजर फिरवली, कुणाचं तरी तोंड शोधत असल्यासारखी. ईरप्पा पुढच्या व्हरांड्यात होता. नजर त्याच्यापर्यंत यायला थोडंसं अंतर उरलं होतं.

ईरप्पा मागच्या व्हरांड्यात गेला आणि विहीर बघू लागला.

विहिरीत बघण्यासारखं काही नव्हतं. वर लोखंडी जाळी, जाळीवर वाळलेली पानं. गाडी सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत त्यानं ती पानं पाहिली.

*

आणि आज ती तारीख.

चैत्र संपत आलेला. ऊन सकाळीच पांढरं झालं होतं. मुक्ताबाई लिंबाखाली आपल्या नेहमीच्या जागी, भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन, पुढच्या व्हरांड्याकडे तोंड करून बसली होती. पायऱ्यांवर हवालदार दंडुका घेऊन उभा. पुकारा झाल्याशिवाय पक्षकारांना वर येऊ द्यायचं नाही, असा नवा शिस्तीचा हुकूम होता.

"जय भीम, दादा," तिनं ईरप्पाला पाहून हात जोडले. ती मोठ्यानं बोलायची. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात चात्यांच्या घरघरीत उभा जन्म गेला होता, कान अर्ध्याहून जास्त गेले होते, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कुणालाच येत नसेल असा तिचा हिशेब होता. "आज माजी साक्ष हाय. साहेब म्हनले, ही शेवटची तारीख."

ईरप्पानं मान हलवली. वरच्या खिडकीत गुंडाप्पा फायली लावत होते.

"वकीलसाहेब न्हाईत तर न्हाईत. मी हाय की!" ती म्हणाली. "म्या सगळं सांगनार. भिंतीची माती मी कालवली, पानी मी वाहिलं. माज्याबिगर कुनाला ठावं?"

"आक्का," ईरप्पा पुटपुटला, "जवळ येऊन बस. पायऱ्यांपाशी. न्हाईतर मागं ये, विहिरीपाशी."

"आं?"

"मागं, विहिरीपाशी."

"मोठ्यानं बोला की, दादा! तुमी न्हवं का बोलायचं मोठ्यानं? बाकी कुनाचं काय कळत न्हाई मला. तुमचा आवाज आला की मी उठती. तुमी हाय म्हनून मी बिनघोर हाय."

हवालदार इकडे बघू लागला. फाटकाशी एक माणूस सायकलला टेकून विडी ओढत होता. त्यानंही बघितलं, किंवा ईरप्पाला तसं वाटलं. ईरप्पानं सदऱ्याखालचं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि पायऱ्या चढला. दुसऱ्यांदा सांगायला त्याच्याजवळ आवाज नव्हता. सगळा आवाज पुकार्‍यासाठी राखून ठेवलेला होता.

आत साहेब बसले. नवे होते, तरुण होते, घाईत असायचे. लाच घेत नव्हते आणि मान वर करत नव्हते. सिद्धलिंगप्पा शेठ आधीच आत येऊन बाकावर बसले होते. त्यांना पुकार्‍याची गरज लागत नसे.

दोन दावे झाले. ईरप्पानं पुढच्या व्हरांड्यातून पुकारले, माणसं आली. मग गुंडाप्पांनी तिसरा कागद सरकवला आणि त्याच्याकडे न बघता घसा साफ केला.

ईरप्पा मागच्या व्हरांड्यात गेला.

समोर विहीर. विहिरीपलीकडे गोदामाची उंच, बिनखिडकीची भिंत.

सिद्धलिंगप्पा बिन बसप्पाऽऽ
विरुद्ध
मुक्ताबाई भ्रतार भीमाऽऽ
हाऽजिर!

आवाज खणखणीत लागला. लबाडी कुठंच नव्हती. जाळीवरची दोन पाखरं उडाली, आणि गोदामाच्या भिंतीला थडकून त्याचंच बोलणं त्याच्याकडे परत आलं. हाजिर, भिंत म्हणाली.

आत कागदांची सळसळ. दारातून गुंडाप्पांच्या टाचा दिसत होत्या, स्वस्थ, एकावर एक ठेवलेल्या.

आपण आवाज कमी केलेला नाही. सरकारी काम चोख केलेलं आहे. उद्या कुणी विचारलं, तर सांगता येईल. कोण विचारेल? ज्यानं परवा विचारलं, तो. तो कोण? पाण्याचा तांब्या कशाला नेत होतास वकिलाकडे, असं विचारलं तर? तहान लागायची त्यांना. एवढी तहान? काय शिकवायचे? शब्द. कसला शब्द?

सिद्धलिंगप्पा बिन बसप्पाऽऽ
विरुद्ध
मुक्ताबाई भ्रतार भीमाऽऽ
हाऽजिर!

पुन्हा भिंत. या वेळी पाखरंही नव्हती. घामाचा ओघळ पट्ट्याखालून पोटावर उतरला. त्यानं खांब धरला. लिंबाखाली ती आता या क्षणी गाठोडं मांडीवर घेऊन पुढच्या रिकाम्या व्हरांड्याकडे बघत असेल. बिनघोर.

आतून साहेब म्हणाले, "आली नाही का? शेवटचा पुकारा करा. मग एकतर्फा घेऊ."

ईरप्पानं छाती भरून घेतली. डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे बाप आला नाही, वकील आले नाहीत, देवही आला नाही. वाळलेली पानं आली, लोखंडी जाळीवरची.

सिद्धलिंगप्पा बिन बसप्पाऽऽ
विरुद्ध

आणि तिथं पाय वळले.

त्यानं वळवले असं म्हणता येणार नाही. तासाच्या टोकाला आलेला बैल वळतो, त्याला कुणी शूर म्हणत नाही. पुढे बांध असतो, दुसरं काय करणार? पुकारा अर्धाच तोंडातून बाहेर पडलेला, अर्धा छातीत कोंडलेला, असा ईरप्पा मागच्या दारातून कोर्टात शिरला आणि बाकांच्या मधून चालू लागला. शेठच्या गुडघ्याला त्याचा पट्टा घासला. टंकलेखकाचा हात थांबला. साहेबांनी मान वर केली. गुंडाप्पा अर्धवट उठले आणि दातांमधून म्हणाले, "ईरप्पा! सुम्म..." ते पुढचं म्हणेपर्यंत तो त्यांच्या टेबलाजवळून पुढे निघून गेला होता. त्या एवढ्या खोलीत त्याला वाटलं, आपण मैंदर्गीहून सोलापूरपर्यंत चालत आलो.

पुढचा व्हरांडा. ऊन. लिंब. त्याखाली एक लहानसं तोंड, वर केलेलं.

मुक्ताबाई भ्रतार भीमाऽऽऽ
हाऽऽऽजिर!

लिंबातली सगळी पाखरं एकदम उठली. हवालदाराचा दंडुका हातातून सुटून पायरीवर वाजला. मुक्ताबाई उठली, पदर डोक्यावर घेतला आणि गडबड न करता, नेहमी उठायची तशी उठून चालू लागली. तिला यात विशेष काहीच वाटलं नव्हतं. तिच्यासाठी तो पहिलाच पुकारा होता.

*

"हा काय प्रकार?" साहेबांनी विचारलं. "पुकारा अर्धा तिकडे, अर्धा इकडे?"

"घसा..." ईरप्पाचा आवाज आता डासाएवढा झाला होता. "घसा अडकला, साहेब."

लोक हसले. साहेबही किंचित हसले आणि कागदाकडे वळले. गुंडाप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त टाकाचं टोक पुसलं.

मुक्ताबाई पिंजर्‍यात उभी राहिली. वकील कोण, असं विचारलं, तर म्हणाली, "मी हाय की." शेठ खिडकीबाहेर बघत होते. तिनं आधी त्यांच्याकडे नीट तोंड केलं, मगच बोलायला सुरुवात केली, मोठ्यानं, गिरणीत बोलावं तसं. माती कुठून आणली, पाणी कुठून वाहिलं, तुळई चढवताना कोण पडलं. साहेब लिहीत राहिले. शेवटी पुढची तारीख दिली. एकतर्फा काही घेता आलं नाही.

दाराशी खांबाला धरून ईरप्पा उभा होता.

*

कुणी काही बोललं नाही. तेच भयंकर होतं. पुढच्या आठवड्यात पुकार्‍याला नवा पट्टेवाला आला, मिशी नुकतीच फुटलेला, पातळ आवाजाचा. ईरप्पाची नेमणूक तळघरातल्या जुन्या दप्तरांच्या खोलीत झाली. "तुझ्या घशाला आराम," गुंडाप्पा प्रेमानं म्हणाले. "तिथं बोलायचं काम नाही. बोलायचंच न्हाई, समजलं? वर आवाज आला न्हाई पाहिजे."

आणि ज्यांची धास्ती होती तसले दोघे एका दुपारी आले. साधे कपडे, पायात मात्र पोलिसी बूट. त्यांनी त्याला दप्तरांच्या गठ्ठ्यावर बसवलं.

"देगावकर तुला काय शिकवत होते?"

"शब्द, साहेब."

"कसला शब्द?"

"व्हर्सस."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "म्हणजे विरोध. सरकारविरोध."

"न्हाई, न्हाई, साहेब!" ईरप्पा गठ्ठ्यावरून उठू लागला. "त्ये बैलाचं हाय."

"कसलं?"

"बैल तासाच्या टोकाला जातंय न्हवं, मग वळतंय. त्येच. तोंड वळवनं."

"कुणाकडे?"

ईरप्पाला खरंच आठवेना, वकिलांनी कुणाकडे म्हणून सांगितलं होतं का.

"येडा हाय," एकजण म्हणाला. दुसरा मात्र उठताना बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. "पुन्हा बोलावू," तो म्हणाला.

त्या दिवसापासून जिन्यात पावलं वाजली की ईरप्पा लिंग मुठीत धरायचा. घरी निंगव्वा दाराची कडी दोनदा तपासायची. दोघं भाकरी खाताना कुजबुजत बोलायची, आणि मग तेही बोलेनात.

वकील सुटले नव्हते. दावा संपला नव्हता. मुक्ताबाईची एक तारीख गेली, दुसरी आली.

तळघराला जमिनीलगत एकच खिडकी होती, गजांची. तिच्यातून लिंबाचं खोड दिसायचं आणि माणसांचे पाय. त्या सकाळी ईरप्पानं गठ्ठे झटकता झटकता पाहिलं, तर लिंबाखाली मुक्ताबाई आली होती. गेल्या तारखेला नव्या पोराचा पुकारा तिला ऐकूच आला नव्हता. शेजारच्या बाईनं ढोसलं म्हणून ती उठली होती. आज शेजारी कुणी नव्हतं. तिनं आवारभर बघितलं, व्हरांडा बघितला, त्या पोराला बघितलं. मग तळघराच्या गजांआडचा ईरप्पा तिच्या नजरेला पडला. तिनं गाठोडं उचलून लिंबाला वळसा घातला आणि खोडाच्या या बाजूला येऊन बसली. व्हरांड्याकडे पाठ. खिडकीकडे तोंड.

ईरप्पा मागे सरला. अंधारात, दप्तरांच्या आड. वर कुणीतरी जिन्याशी थांबलं होतं. पावलं पुढेही जाईनात, मागेही जाईनात.

ऊन चढलं. वरून तो पातळ आवाज आला, एकदा. पायांच्या गर्दीत तो विरून गेला. मुक्ताबाई तशीच बसली होती, डोळे गजांवर लावून.

दुसऱ्यांदा आला.

ईरप्पा खिडकीशी आला. दोन्ही हातांनी गज धरले आणि चेहरा उजेडात आणला. तोंड उघडलं नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला.

तिनं पदर डोक्यावर घेतला. गाठोडं उचललं आणि पायऱ्यांकडे चालू लागली. जिन्यात पावलं उतरू लागली होती. ईरप्पानं गज घट्ट धरून ठेवले. तोंड त्यानं वळवलं नाही.